धनुष्कोडी ते तलैमन्नार: सागरी मार्ग आखणाऱ्यांना दिवाडी बेटावरून खुले पत्र

प्रति,
माननीय श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री, नवी दिल्ली.
तसेच रेल्वे मंत्रालय, परराष्ट्र मंत्रालय आणि या मार्गाच्या अभ्यासात असलेले अधिकारी, अभियंते व सल्लागार.

सप्रेम नमस्कार.

आपण नागपूरचे. मराठी पत्र आपण स्वतः वाचाल, कुणी समजावून सांगायला लागणार नाही, म्हणून मराठीतच लिहितो आहे. खुले लिहितो आहे, कारण या विषयातले जवळजवळ सगळे काम लोकांच्या नजरेआड झाले आहे आणि माझी पहिली तक्रार तीच आहे.

२१ जुलै २०२३ रोजी भारत आणि श्रीलंका यांनी नवी दिल्लीत एक संयुक्त दस्तऐवज जाहीर केला. दोन देशांमध्ये जमिनीसारखी सलग वाहतूक होईल असा मार्ग करायचा, त्यातून त्रिंकोमाली आणि कोलंबो ही बंदरे भारताला जोडायची आणि त्यासाठी शक्यता-अभ्यास लवकर हाती घ्यायचा, असे त्यात आहे. जून २०२४ मध्ये श्रीलंकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रनिल विक्रमसिंघे यांनी मन्नारमध्ये सांगितले की हा अभ्यास शेवटच्या टप्प्यात आला आहे. पुढे सप्टेंबरमध्ये निवडणूक झाली, अनुरा कुमारा दिसानायके राष्ट्राध्यक्ष झाले. अभ्यासात काय निघाले, हे मला कुठेही वाचायला मिळाले नाही. मार्ग आपल्याकडचे धनुष्कोडी आणि श्रीलंकेतले तलैमन्नार यांच्यामधल्या रामसेतूच्या, म्हणजे समुद्रातल्या त्या उथळ पट्टीच्या, कोणत्या अंगाने जाणार, पूल की बोगदा, रूळ एकेरी की दुहेरी, भूसंपादन कुणाचे, खर्च कुणाचा? रामेश्वरमला गेलो असताना धक्क्यावरच्या मच्छीमारांना विचारले. त्यांना माझ्याहून जास्त काही ठाऊक नव्हते, आणि पूल होणार तो त्यांच्या घरासमोरच्या पाण्यात.

गोव्यातल्या माणसाने यात का पडावे, असे कुणी विचारील. मी दिवाडीचा, मांडवीतल्या बेटावरचा. कमावत्या वयात व्यापारी जहाजांवर अधिकारी होतो. मुरगावहून चेन्नईला जाताना श्रीलंकेला दक्षिणेकडून वळसा घालावा लागतो, डाव्या हाताला डोंड्रा हेडचा दीपस्तंभ ठेवून. सेतूजवळचे पाणी उथळ, बऱ्याच ठिकाणी दोन-तीन मीटरांवर तळ लागतो. मोठ्या जहाजाने तिकडे फिरकायचेही नाही. नकाशावरची ती अरुंद जागा प्रत्येक फेरीला पाहिली आहे. पलीकडच्या देशाशी गोव्याचे नाते जुने आहे. बाणावलीला जन्मलेले जुझे वाझ १६८७ साली वेष पालटून जाफन्याला उतरले आणि कँडीतच वारले. २०१५ मध्ये कोलंबोत त्यांना संतपद जाहीर झाले. आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांना त्यांच्या कर्मभूमीचे दर्शन घ्यायचे असते. आमच्या घरात काशी-रामेश्वर यात्रेची परंपरा आहे, सेतूची वाळू काशीला न्यायची आणि तिथली गंगा रामेश्वराला आणायची. सेतूच्या दोन्ही टोकांवर गोव्याच्या माणसाचे मन गुंतलेले आहे.

म्हणून सुरुवातीलाच स्पष्ट लिहितो: हा मार्ग व्हावा असे मला मनापासून वाटते. विरोधासाठी विरोध करणाऱ्यांचे हे पत्र नाही. आता आमच्या बेटाची गोष्ट सांगतो, कारण तिथूनच माझी काळजी सुरू होते.

कोकण रेल्वे दिवाडीवरून जाते. मांडवी ओलांडताना ती आमच्या बेटावर टेकते आणि पुढे करमळीला पोचते. बेटावर स्टेशन नाही. मुंबईहून मंगळूरला निघालेला प्रवासी खिडकीतून आमची खाजने पाहतो; आम्हाला त्याच गाडीत बसायचे तर फेरीबोटीने जुन्या गोव्याला उतरून मग करमळी गाठायची. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला या मार्गावरून गोव्यात केवढे आंदोलन झाले, हे आपल्याला ठाऊक असेल. खाजन म्हणजे खाडीच्या काठची, बांधाने राखलेली शेती. मानशीच्या, म्हणजे बांधातल्या झडपेच्या, दारांतून भरती-ओहोटीचे पाणी आत-बाहेर करते, तेवढ्यावर भात, मासळी आणि मीठ उभे असते. त्यात भराव पडला की पाण्याची वाट बदलते, आणि ती कशी बदलते हे शेतकऱ्याला पहिल्याच पावसात कळते. लोक हेच सांगत होते. शेवटी काम थांबवून केंद्राला न्यायमूर्ती ओझा आयोग नेमावा लागला. लोकांचे ऐकले गेले, पण रेघ आखून झाल्यावर. तोवर दोन्ही बाजू इतक्या चिडल्या होत्या की ऐकण्यासारखेही कुणी ऐकेना. पुढे २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्ग खुला झाला. मीही त्या गाडीने जातो, तिचा मला अभिमान आहे. पण लोकांशी बोलणे आखणीच्या आधी झाले असते तर तो वेळ आणि ती कटुता टळली असती, असे मला आजही वाटते. धनुष्कोडीच्या मच्छीमारांवर आणि मन्नारच्या तमिळ कुटुंबांवर तीच वेळ आणू नका.

दुसरी आठवण ५ जुलै १९८६ ची. पणजीचा मांडवीवरचा पूल त्या दिवशी कोसळला. बांधून वीस वर्षेही झाली नव्हती. मी तेव्हा समुद्रावर होतो, घरच्या पत्रातून कळले. खाऱ्या हवेने आतल्या ताणलेल्या तारा गंजल्या होत्या आणि वरून रंगरंगोटी ठीक दिसत होती. नवा पूल उभा राहीपर्यंत अर्धा गोवा फेरीबोटींवर तरला. गोव्यातला माणूस पुलाच्या उद्घाटनाचे फोटो पाहून हुरळत नाही, तो गंज विचारतो. जुवारीवरचा नवा पूल आपल्याच हस्ते डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, पणजीचा अटल सेतूही आपणच २०१९ मध्ये खुला केलात. जुवारीच्या जुन्या पुलावर अवजड वाहनांना बंदी घालावी लागली होती, ते दिवस इथल्या लोकांनी काढले आहेत. नव्या पुलाबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत. त्या ऋणातूनच हे लिहितो.

पाल्कच्या, म्हणजे भारत-श्रीलंकेमधल्या, पाण्यात गंज इथल्यापेक्षा जास्त आहे. रामेश्वरमचे बेट मुख्य भूमीला जोडणारा पांबनचा रेल्वेपूल २४ फेब्रुवारी १९१४ रोजी सुरू झाला. तेव्हा मद्रासहून निघालेली बोट मेल धनुष्कोडीपर्यंत जायची, तिथून आगबोटीने प्रवासी तलैमन्नारला उतरायचे आणि पुन्हा रेल्वेने कोलंबोला जायचे. शंभर वर्षांपूर्वी दोन देशांमधला हा प्रवास एका तिकिटावर होत होता. मग डिसेंबर १९६४ चे चक्रीवादळ आले. २२ तारखेच्या रात्री समुद्र धनुष्कोडीवर चढला, पांबनहून निघालेली पॅसेंजर गाडी प्रवाशांसकट वाहून गेली, गाव कायमचे उठले. पांबनच्या पुलाची वाताहत झाली. तो ४६ दिवसांत पुन्हा उभा करणारे तरुण अभियंते ई. श्रीधरन. पुढे कोकण रेल्वे बांधून आमच्या बेटापर्यंत गाडी आणणारेही तेच. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण त्या ४६ दिवसांची गोष्ट सांगताना आपण एक विसरतो: पूल परत आला, पांबनपलीकडचे धनुष्कोडी परत आले नाही. तिथे आज रूळ नाहीत. रामेश्वरम ते धनुष्कोडी रेल्वेमार्गाचा शिलान्यास १ मार्च २०१९ रोजी झाला, रूळ अजून पोचलेले नाहीत. समुद्रावर तीस किलोमीटर जायचे ठरवताना किनाऱ्यावरचे सतरा-अठरा किलोमीटर का अडले, याचे उत्तर आधी द्यायला हवे.

पांबनचा नवा पूल ६ एप्रिल २०२५ रोजी सुरू झाला. मधला ७२.५ मीटरचा गाळा उभा वर उचलला जातो, असा हा देशातला समुद्रावरचा पहिला पूल. काम मोठे आहे, करणाऱ्यांचे कौतुकच. पण त्याआधी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी तपासणीच्या अहवालात नियोजनातल्या त्रुटी आणि सुरू झालेला गंज यांची नोंद केली होती, आणि रेल्वेला त्यावर समिती नेमावी लागली. दोन किलोमीटरच्या पुलाला हे घडते, तेही दोन्ही टोके आपल्याच देशात असताना. वारा ताशी ५८ किलोमीटरच्या वर गेला की पांबनवर गाड्या थांबवायच्या, असा नियम जुन्या पुलापासून आहे. उघड्या समुद्रावरच्या लांब पुलावर वर्षातले किती दिवस गाड्या थांबतील, याचा हिशोब अभ्यासात आहे का? असेल तर दाखवा. नसेल तर अभ्यास अपुरा आहे.

आता पाण्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण माझा जन्म पाण्यात गेला आणि माझी खरी भीती इथे आहे. सेतूच्या उत्तरेला पाल्कचा उपसागर, दक्षिणेला मन्नारचे आखात. नैर्ऋत्य मोसमी वारे सुटले की आखाताकडची बाजू खवळते आणि पाल्ककडची शांत राहते. ईशान्य वाऱ्यांत उलट होते. मच्छीमार त्याप्रमाणे बाजू बदलून मासेमारी करतात. वाळू, पाणी, माशांची अंडी, सगळे या उथळ पट्टीतल्या फटींतून एकीकडून दुसरीकडे जात-येत असते. तिथे खर्च वाचवण्यासाठी भराव घालून रस्ता न्यायचा मोह होईल. पाणी उथळ, दगड टाकला की काम झाले, असे कोणताही ठेकेदार म्हणेल. जोहोर आणि सिंगापूर यांच्यामध्ये नेमके हेच केले गेले. १९२४ मध्ये खुला झालेला तो बांध रस्ता आणि रेल्वे दोन्ही नेतो, रोज लाखो माणसे त्यावरून जातात. पण सामुद्रधुनीतले आरपार वाहणारे पाणी त्याने अडवले आणि त्या पाण्याची अवस्था आजही तिथल्या लोकांना भोवते.

उलट उदाहरण डेन्मार्क आणि स्वीडनचे. लहान टँकरवर असताना त्यांच्यामधल्या ओरेसुंड सामुद्रधुनीतून गेलो आहे. माल्मोकडून येणारा पूल समुद्रात मध्येच एका बेटावर उतरतो आणि रस्ता-रेल्वे पाण्याखाली शिरतात. वरून जहाजे जातात आणि शेजारच्या कास्ट्रुप विमानतळावर विमाने उतरतात. १ जुलै २००० रोजी हा मार्ग खुला झाला. पुलाची लांबी जवळपास आठ किलोमीटर, बेट चार, बोगदा चार. मला त्यातली लांबी-रुंदी फारशी महत्त्वाची वाटत नाही. दोन्ही सरकारांनी आधीच एक अट घालून घेतली होती: बाल्टिक समुद्रात जाणाऱ्या पाण्याच्या आणि मिठाच्या प्रवाहात या बांधकामाने काहीही फरक पडता कामा नये. पुलाच्या खांबांनी आणि बेटाने जेवढा प्रवाह अडतो तेवढा तळ दुसरीकडे खणून मोकळा करून दिला. ते बेटही खणलेल्या मालातूनच उभे केले. बाल्टिकचे मासे त्या खाऱ्या पाण्यावर जगतात, म्हणून हा आग्रह. मन्नारच्या आखातातल्या २१ बेटांचे सागरी राष्ट्रीय उद्यान १९८६ पासून आहे. पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरचे डुगाँग संवर्धन क्षेत्र तमिळनाडूने २०२२ मध्ये घोषित केले. समुद्री गवत चरणारा तो प्राणी गढूळ पाण्यात उपाशी मरतो, कारण ऊन न पोचल्याने गवतच मरते. सेतूपलीकडे श्रीलंकेनेही त्या पट्टीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा दिला आहे. अशा ठिकाणी ओरेसुंडची अट ही किमान अट मानली पाहिजे.

याच ठिकाणी सरकारची दोन बोलणी एकमेकांना छेदतात. सेतुसमुद्रम कालव्याचे काम २ जुलै २००५ रोजी सुरू झाले, सेतू तोडण्यावरून वाद झाला, २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथले खोदकाम रोखले. तो प्रकल्प अजूनही कागदावर जिवंत आहे. १२ जानेवारी २०२३ रोजी तमिळनाडू विधानसभेने तो पुन्हा सुरू करावा असा ठराव केला. कालवा १२ मीटर खोल आणि ३०० मीटर रुंद खणून त्यातून जहाजे न्यायची असतील तर पूल उंच हवा किंवा त्या ठिकाणी बोगदा हवा. कालवा कायमचा रद्द असेल तर आखणी सोपी आणि स्वस्त होते. मग पुलाचा अभ्यास करणाऱ्यांनी यातले काय गृहीत धरले? जहाजावर कप्तान आणि सुकाणूवाला वेगवेगळ्या दिशा धरत नाहीत. रामसेतूबद्दलच्या श्रद्धेचे तेच. माझीही ती श्रद्धा आहे. मार्ग सेतूपासून किती दूर ठेवणार, हे आजच नकाशावर दाखवा, म्हणजे पाच वर्षांनी न्यायालयात पुन्हा तोच गुंता होणार नाही.

श्रीलंकेच्या संमतीबद्दल. २००२ मध्ये विक्रमसिंघे पंतप्रधान असताना त्यांनीच पुलाची कल्पना मांडली आणि तिथल्याच लोकांनी ती हाणून पाडली. डिसेंबर २०१५ मध्ये आपण लोकसभेत सांगितलेत की सुमारे २४ हजार कोटींच्या पूल-बोगद्याला आशियाई विकास बँक पैसा देण्यास तयार आहे. लगेच कोलंबोतून, तिथल्या महामार्ग मंत्र्यांकडून, असे काही ठरलेलेच नाही असा खुलासा आला. आपला हेतू चांगला होता यात मला शंका नाही. परंतु शेजारच्या घरात जाण्याचे दार आपण एकट्याने जाहीर केले, आणि लहान देशाला मोठ्या शेजाऱ्याची जी धास्ती असते ती वाढली. त्या देशाने एप्रिल २०२२ मध्ये परदेशी कर्जाची फेड थांबवली, माणसे पेट्रोलच्या रांगेत मेली. भारताने तेव्हा जी मदत केली ती तिथला सामान्य माणूस विसरलेला नाही. ती कमावलेली सदिच्छा कर्जाच्या गुप्त करारात घालवू नका. हंबनटोटा बंदर २०१७ मध्ये चिनी कंपनीला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यावे लागले, त्याची जखम त्यांच्या मनात ओली आहे.

बाहेर हे काम कसे करतात पाहा. इंग्लंड आणि फ्रान्स यांनी खाडीखालच्या बोगद्यासाठी १२ फेब्रुवारी १९८६ रोजी कँटरबरी येथे जाहीर करार केला, दोन्ही सरकारांचा संयुक्त आयोग आणि सुरक्षेसाठी वेगळी यंत्रणा नेमली. तरीही खर्च अंदाजापेक्षा सुमारे ऐंशी टक्क्यांनी वाढला आणि भागधारक बुडाले. डेन्मार्क आणि जर्मनी सध्या १८ किलोमीटरचा रस्ता-रेल्वे बोगदा समुद्रतळावर बसवत आहेत. करार २००८ चा. जर्मनीत त्यावर बारा हजारांहून जास्त हरकती आल्या, त्या नोंदवून घेतल्या गेल्या, प्रकरण लाइपझिगच्या न्यायालयापर्यंत गेले आणि २०२० मध्ये निकाल लागला. एवढी वर्षे गेली म्हणून कुणी हसेल. मला त्यात एक शिस्त दिसते: हरकत घेणाऱ्याला आधी कागद मिळाले होते. तिथेही एक चूक झाली. जर्मनीच्या बाजूचा जोडमार्ग मागे पडला, त्यामुळे बोगदा तयार झाला तरी गाड्या पूर्ण वेगाने जाणार नाहीत. आपल्याकडे धनुष्कोडीचा रूळ आणि पलीकडे मेदवच्चियाहून तलैमन्नारला येणारी एकेरी लाइन, यांची गत तशी होऊ नये.

ती तलैमन्नारची लाइन १९९० मध्ये युद्धामुळे बंद पडली होती. भारताच्या कर्जातून भारतीय कंपनीने ती पुन्हा घातली आणि मार्च २०१५ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी तिथून गाडी सोडली. रुळांचे माप दोन्ही देशांत एकच, १६७६ मिलिमीटर. रस्त्यावर गाड्याही दोन्हीकडे डावीकडूनच चालतात. डेन्मार्क आणि स्वीडन यांच्यात रेल्वेची वीज वेगळी, सिग्नल वेगळे, गाड्या चालायची बाजूही वेगळी; तरी त्यांनी जमवले. आपल्याला देवाने एवढी सोय करून ठेवली आहे. म्हणून माझा आग्रह रेल्वेचा आहे. २०२३ च्या दस्तऐवजात भर बंदरांवर आहे, म्हणजे कंटेनरवर. आपले मंत्रालय रस्त्याचे, त्यामुळे सहा पदरी रस्ता आधी आणि रूळ 'दुसऱ्या टप्प्यात' असे होण्याची मला धास्ती वाटते, आणि दुसरा टप्पा किती लांबतो ते गोव्यात आम्ही पाहतो. रामेश्वरमच्या अरुंद बेटावरून आणि मन्नारच्या लहान गावांतून रात्रंदिवस ट्रक नेणे म्हणजे त्या गावांचा जीव घेणे. तेवढाच माल थोड्या जागेत, थोड्या धुरात रेल्वे नेते. आणि ज्याच्याकडे मोटार नाही तो यात्रेकरू, मजूर, विद्यार्थी रेल्वेनेच जाऊ शकतो.

मच्छीमारांचा प्रश्न पुलापेक्षा मोठा आहे. तो बाजूला ठेवून पूल होणार नाही. रामेश्वरमचे ट्रॉलर हद्द ओलांडून जातात, तळ खरवडतात, श्रीलंकेचे नौदल पकडते, माणसे तुरुंगात जातात, बोटी जप्त होतात. श्रीलंकेने २०१७ मध्ये तळ खरवडणाऱ्या मासेमारीवर कायद्याने बंदी घातली. पलीकडचे मच्छीमारही तमिळच, युद्धातून नुकते वर आलेले, त्यांच्या लहान होड्यांची जाळी आमच्या ट्रॉलरने फाटतात. गोव्याला हे भांडण चांगले माहीत आहे. सत्तरच्या दशकात इथे किनाऱ्यावरून जाळे ओढणारे रापणकार आणि ट्रॉलरवाले यांच्यात समुद्रात मारामाऱ्या झाल्या, त्यातून १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला आणि किनाऱ्यालगतचे पाणी पारंपरिक मच्छीमारांसाठी राखले गेले. अंमलबजावणीत खोट आहे, तरी कायदा आहे. कच्चतीवू बेट श्रीलंकेकडे गेले त्या १९७४ च्या करारावरून आपल्याकडे निवडणुकीत भाषणे होतात. त्याच कच्चतीवूवर दरवर्षी संत अँथनीच्या फेस्ताला दोन्ही देशांचे मच्छीमार एकत्र येतात, एकमेकांकडे चौकशी करतात. त्यांना एकत्र बसवायला आणखी कोणती जागा हवी? पुलाच्या बांधकामाची सात-आठ वर्षे तिथले पाणी मासेमारीला बंद राहणार, त्या वर्षांची भरपाई दोन्ही देशांतल्या मच्छीमारांना मिळणार का, कुणी देणार, कशाच्या आधारावर?

माझ्या मागण्या साध्या आहेत.

शक्यता-अभ्यास जसा आहे तसा, नकाशे आणि खर्चासकट, तमिळ, सिंहली, हिंदी आणि इंग्रजीत प्रसिद्ध करा. रामेश्वरम आणि मन्नार या दोन्ही ठिकाणी जनसुनावणी घ्या आणि ती झाल्याशिवाय सविस्तर आराखड्याचे काम कुणाला देऊ नका. सुनावणीत आलेल्या प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर द्या. दोन्ही बाजूंच्या पारंपरिक मच्छीमारांचे प्रतिनिधी संयुक्त समितीत सदस्य म्हणून घ्या, निमंत्रित म्हणून नको.

भराव नको. खांबांवर किंवा पाण्याखालून न्या आणि पाण्याच्या प्रवाहात फरक पडणार नाही ही अट करारातच लिहा. सेतुसमुद्रम कालव्याबद्दल केंद्राची भूमिका आधी जाहीर करा. रस्ता आणि रूळ एकाच टप्प्यात करा. ते जमणार नसेल तर रूळ आधी.

दोन्ही संसदांसमोर ठेवलेला जाहीर करार झाल्याशिवाय एक पैशाचेही कर्ज काढू नका. त्यात देखभालीचा निधी पहिल्या दिवसापासून वेगळा राखून ठेवा आणि गंजाच्या तपासणीचे अहवाल दरवर्षी खुले करा. मांडवी कोसळली त्याला चाळीस वर्षे होत आली. तेवढे तरी शिकू या.

आणि एक मागणी आजच पुरी होण्यासारखी आहे. रामेश्वरम ते तलैमन्नार बोटसेवा सुरू करा. २०२३ च्या दस्तऐवजातच तिचा शब्द दिलेला आहे. नागपट्टिनम ते कांकेसन्तुरै बोट ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली, थांबली, ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. तशी अडखळत चाललेली नको. वेळापत्रकाची, परवडणाऱ्या भाड्याची, पावसाळ्यात कधी बंद राहणार हे आधी सांगणारी हवी. मी फेरीबोटीवर वाढलो. आमच्या बेटावर पूल हवा की नको यावर घराघरांत दोन मते आहेत, पण बोट वेळेवर सुटावी यावर एकच मत आहे. ही बोट वर्षानुवर्षे चालली तर प्रवासी किती, माल किती, तपासणीला किती वेळ लागतो, लोक कशासाठी ये-जा करतात याचे खरे आकडे हाती येतील, आणि पुलाचा अभ्यास अंदाजाऐवजी त्या आकड्यांवर उभा राहील. श्रीलंकेच्या मनातली धास्तीही बोटीने जितकी कमी होईल तितकी भाषणांनी होणार नाही. धक्के दुरुस्त करायचे, उथळ पाण्यात चालणाऱ्या दोन बोटी घ्यायच्या, सीमाशुल्क आणि पारपत्राच्या खिडक्या उघडायच्या. पुढचा ईशान्य पावसाळा सरला की हे सुरू होऊ शकते.

या पत्राची प्रत तमिळमध्ये करून रामेश्वरमच्या मच्छीमार संघटनांना पाठवत आहे, आणि नवी दिल्लीतल्या श्रीलंकेच्या उच्चायुक्तालयालाही. आपल्या मंत्रालयाकडून लेखी उत्तराची अपेक्षा आहे. अभ्यास-अहवाल प्रसिद्ध करणार की नाही आणि करणार तर कोणत्या तारखेला, एवढे जरी त्यात आले तरी पुरे.

आपला नम्र,
दिवाडी बेटावरचा एक निवृत्त तारवटी,
तिसवाडी, गोवा